मगर

दांडिया बाजारच्या शाळेत, गॅदरिंगच्या हॉलमध्ये
काचेच्या पेटीत ठेवलं होतं स्टेडियम.
बत्तीस हजार खुर्च्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या.
स्पंजचं मैदान.
आणि शेजारून निळ्या जिलेटिनची विश्वामित्री,
पट्टीने आखलेली, गुणी.
एवढी गुणी मी तिला सत्तर वर्षांत पाहिली नाही.

संघाचं नाव आधीच ठरलं होतं: बडोदा मगर.
पडद्यावर ती आली, हिरवी, बूट घातलेली,
सगळे दात दाखवत.
शिर्के बाई उठल्या, चष्मा पुसत म्हणाल्या,
आणि खऱ्या कुठे जाणार?
कंपनीचा मुलगा म्हणाला, त्यांच्यासाठी कॉरिडॉर आहे, मॅडम.
मागून कुणीतरी: तिकीट काढावं लागेल का त्यांना?
हशा झाला. तोही बहुधा इतिवृत्तात गेला असेल.

सेव-उसळवाले किरीटभाई हिंदीत सुरू झाले,
मॅचच्या दिवशी सातशे प्लेट जातील साहेब, मगर
गाडी लावायला देणार का आतमध्ये?
डॉक्टर खानविलकर: खेळ हवाच, मगर हॉस्पिटल आधी.
नगरसेवक: सगळं होईल, मगर धीर धरा.
हिंदीत मगर म्हणजे पण.
ज्याने त्याने आपापली एकेक सोडली हॉलमध्ये
आणि पाय वर घेऊन बसला.

मी प्रतापनगर वर्कशॉपचा लेफ्ट बॅक.
आमच्या फायनलला प्रेक्षक मोजून चार:
दोन गँगमन, एक बकरी,
आणि फोरमनची आंधळी आई.
तिला चेंडूचा आवाज आवडायचा.
लेदर भिजलं की म्हणायची, आज जड खेळताय रे.
तेव्हापासून मला या शहराचा एक संघ हवा होता,
पेपरात ज्याच्या हरण्याची बातमी येईल असा.
म्हणून तर होय म्हणायला
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

माईक आला. दोन मिनिटं हं, काका.
मी म्हणालो, वस्तीतल्या बालवाडीच्या भिंतीवर
पुराची रेघ आहे, माझ्या खांद्याच्या वर.
ती या पेटीत कितव्या रांगेला येते?
मुलगा लॅपटॉपमध्ये बघत राहिला.
कोपऱ्यात त्यांच्याच ऑफिसची एक पोरगी,
नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळणारी,
हळूच म्हणाली, नवव्या.
आणि जीभ चावली.

नवव्या.
हॉल गप्प.
खरं सांगतो, कुणाला सांगू नका,
मी मनातल्या मनात वजाबाकी केली.
नऊ रांगा बुडाल्या तरी
वीस-बावीस हजार उरतात कोरडे.
बकरीच्या मानाने फार झाले.

मग हात वर करा म्हणाले.
माझा कुठे होता मला आठवत नाही.
शिर्के बाई म्हणतात, तुम्ही चष्मा शोधत होता.

आज संध्याकाळी नेहमीसारखा
नदीकाठच्या त्या जागेवर गेलो,
नकाशात जी पार्किंग क्रमांक चार आहे.
चुन्याचं घमेलं मुलींनी आधीच भरून ठेवलेलं.
इथे चेंडू पाण्यात गेला की कुणी आणायला उतरत नाही.
यंदाचे अकरा गेले.
जागृती म्हणते, तळाशी त्यांचीही टीम झाली असेल आता.

मोजणीवाल्यांनी लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्यात,
हलवू नका म्हणून बजावून गेलेत.
मुलींनी हलवल्या नाहीत.
दोन खुंट्यांमध्ये गोल धरला,
दोन फूट जास्तच रुंद.
रेहाना हात पसरून मध्ये उभी राहिली,
एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झेपावून पाहिलं,
आणि माझ्याकडे वळून ओरडली,
सर, हा गोल कुणाच्या मापाचा आहे?

मी चुना हातात घेतला.
म्हटलं, खेळ तू. रेघ मी ओढतो.